मागच्या चाकातले छर्रे

पाऊस उघडला की माझ्या सायकलचं मागचं चाक कुरकुरायला लागतं. चार महिने खाडीकडची खारट हवा आणि रस्त्याचा चिखल पोटात घेऊन ते गप्प असतं. ऑक्टोबरचं कडक ऊन पडलं की बोलतं. आधी चढावर, मग सपाट रस्त्यावर, मग नुसती हातात धरून चालवली तरी. विक्रोळीत आमच्या टेकडीखाली नवरात्राच्या मांडवाचे बांबू उतरायला लागतात, रस्त्याच्या कडेचा वाळलेला चिखल धूळ होऊन नाकात जातो, आणि त्यातच हे कुर्र, थोडं थांबून पुन्हा कुर्र. चाक उघडायची वेळ झाली. आणि चाक उघडायचं म्हटलं की राऊळमामा आठवतात आणि माझं डोकं तापतं. कारण त्या सायकलवाल्यानं मला फसवलं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

सायकल मी एका दूधवाल्याकडून घेतली तेव्हा मुलगा कडेवर होता. काळी, दांड्याची, मागे दोन कॅन बसतील एवढं रुंद कॅरिअर. दूधवाला गावी निघाला होता आणि त्याला घाई होती. मला नव्हती. मी दोन तास त्याच्या दारात बसून राहिले. शेवटी तो म्हणाला, "ले जाओ बाई, लेकिन अब जाओ."

यांची कंपनीतली नोकरी नुकतीच सुटली होती. मी साकीनाक्याच्या रबराच्या कारखान्यांतून वॉशरची पोती आणायची आणि विक्रोळीच्या चाळींतून बायकांना वाटायची. साच्यातून निघालेल्या वॉशरच्या कडेला जादा रबर राहतं, ते बारीक कात्रीनं कापायचं काम. कापलेला माल पुन्हा साकीनाक्याला. वाटेतल्या असल्फ्याच्या चढावर पाय मारणं शक्यच नव्हतं. हँडल पोटाशी धरून ढकलत न्यायची. पंजाबी ड्रेस घालून दांड्याच्या सायकलवर बसणारी बाई बघायला लोक थांबायचे. थांबा, म्हटलं. बघायला पैसे पडत नाहीत.

त्या धंद्यानं मला एक शिकवलं, समोरचा जे सांगतो ते आधी मोजून घ्यायचं. एका मालकाचा काटा माझा माल नेहमी कमी भरवायचा. मी पिशवीत स्वतःचं एक किलोचं वजन ठेवायला लागले. एके दिवशी त्याच्या कामगारांसमोर ते काट्यावर ठेवलं. काटा किलोच्या आधीच थांबला. मालक म्हणाला, "मशीनची चूक आहे." मी म्हटलं, "मशीनला माझ्याशी काय वैर?" काटा दुसऱ्या दिवशी बदलला. आज साकीनाक्याला रबराचे वॉशर काढणारे माझे स्वतःचे तीन प्रेस आहेत. ते संशयानं उभे राहिले, असं मी कुणालाही तोंडावर सांगेन.

म्हणून कुणी म्हणालं, "ताई, ही सायकल आता जुनी झाली," की मी आधी बघते म्हणणारा काय विकतोय. सोसायटीच्या सेक्रेटरीनं खाली बोर्डावर लिहिलं, भंगार वाहने हटवावीत. माझी सायकल सोडून दुसरं भंगार खाली नव्हतं, आणि सेक्रेटरीच्या भावाला नुकतीच दुसरी गाडी आली होती. मी रोज सकाळी घंटी वाजवत त्याच्या खिडकीखालून जायला लागले. बोर्डावरचा कागद आपोआप उतरला.

मुलाचं वेगळं. अनिकेत अंधेरीला नोकरी करतो, मनानं चांगला आहे, पण त्याला जाहिराती लवकर पटतात. गेल्या वर्षी मला बॅटरीच्या सायकलच्या दुकानात घेऊन गेला. "आई, तीन प्रेसची मालकीण अशा सायकलवर जाते. लोक काय म्हणतात?"

"लोक माल घेतात की नाही?"

"घेतात."

"मग म्हणू देत."

दुकानातला विक्रेता चाकाच्या मधला, छर्ऱ्यांचा हब दाखवत म्हणाला, "मॅडम, हे सील्ड आहे. आत काही बघायलाच लागत नाही." मी विचारलं, "बघायचं असेल तर?" तो म्हणाला, "उघडत नाही, पूर्ण सेट बदलतो." मी चप्पल घातली. जे उघडत नाही त्यावर मी विश्वास ठेवत नाही. असं म्हणून मी ऐटीत बाहेर पडले खरी, पण जिन्यावर माझं मलाच आठवलं, की जी सायकल उघडते तिच्या आत तरी मी पहिली कितीतरी वर्षं कुठे बघितलं होतं?

राऊळमामांचं दुकान म्हणजे कंपनीच्या जुन्या भिंतीला टेकलेली एक टपरी. निळी ताडपत्री, पाण्याची घमेली, भिंतीवर खिळ्याला टांगलेले टायर. माणूस मालवणकडचा, चाळीस वर्षं विक्रोळीत काढली तरी जीभ गावचीच. दर ऑक्टोबरला आसपासचे पाववाले, पेपरवाले, वॉचमन आपापल्या सायकली तिथे आणून टाकायचे. चाकं उतरायची, साखळ्या रॉकेलच्या डब्यात पडायच्या, आणि सगळ्या गल्लीला तो वास लागायचा. रॉकेल, ग्रीस, उन्हात तापलेलं रबर. त्यातच दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूची टोपली यायची, मग वास पुरता बदलून जायचा. मामा प्रत्येक सायकलला माळ घालायचे, पान्यांना हळदकुंकू लावायचे. माझ्या सायकलला नाही. आमचा दसरा म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन, सकाळी पांढरी साडी नेसून विहारात जायचं. पहिल्याच वर्षी मी सांगितलं होतं, माळ नको. तेव्हापासून ते माझ्या सायकलीवरून नुसतं फडकं फिरवायचे, पण इतकं, की माळा घातलेल्या सायकलींत तीच उठून दिसायची.

आता माझं काम सांगते. नखांना मी आयुष्यात रंग लावलेला नाही. पण लाल नेलपॉलिशची एक बाटली घरात कायम असायची. सायकल राऊळमामांकडे टाकायच्या आधी मी काडेपेटीची काडी त्यात बुडवून सायकलच्या प्रत्येक भागावर, खालच्या बाजूला, मोहरीएवढा ठिपका द्यायची. हबला, पायडलला, साखळीच्या चक्राला, हँडलच्या नटाला. दुरुस्तीत चांगला माल काढून हलका माल बसवतात, हे सगळं साकीनाका जाणतं. परत आणली की सायकल उलटी करून ठिपके मोजायचे. सगळे जागेवर असायचे. वर्षानुवर्षं. त्यावर भाव करायचा. मामा एक आकडा सांगायचे, मी निम्मा. मामा कपाळावर हात मारायचे. "गो बाय, माझा घर पण तुझ्याच नावावर करून टाक." मी म्हणायची, "कागद आणा, बघते." निम्म्याला थोडं वर असं तुटायचं आणि मी घंटी वाजवत घरी यायची. त्या संध्याकाळी जेवणही चांगलं लागायचं.

अनिकेत बारावीला होता त्या ऑक्टोबरात हे सगळं मोडलं.

सायकल तयार होती. मामा समोरच्या नळावर कळशी भरायला गेले होते. पुढच्या चाकात हवा कमी वाटली म्हणून व्हॉल्व्हचं रबर शोधायला मी त्यांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. नटांच्या, कोनांच्या ढिगात नेलपॉलिशची बाटली. लाल. माझ्याच बाटलीचा रंग. बाई घरात नाही, बायको गावी. टपरीतल्या ग्रीसच्या डब्याशेजारी नखांच्या रंगाचं काम काय?

मी सायकल उलटी केली. ठिपके होते. पण आता नीट बघितलं. माझे ठिपके काडीचे, बारीक. मागच्या हबवरचा ठिपका ब्रशचा होता, जाड, शेंदरासारखा. आधीचा दिसत असला की मी तिथे नवा देत नसे.

मामा कळशी घेऊन आले.

"मामा, हे काय?"

त्यांनी बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, कळशी खाली ठेवली. "नेलपॉलिश."

"ते दिसतंय. तुमच्या डब्यात कशाला?"

"तुझ्या ठिपक्यांसाठी गो. मी तारेच्या ब्रशान घासतंय, ते जातत. गेले की तू भांडतंस. म्हणान काडीन परत करतंय."

"आणि हबवरचा? हा काडीचा नाही."

"तो हबच तुझो नाय. तुझो मेलो. चार वर्सां झाली. छर्रे फिरतत ती आतली वाटी फुटली होती."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगला असता तर तू बदलूक दिला असतंस?"

दिलं नसतं. मी म्हटलं असतं, नाटकं करताय. मी विचारलं, "नव्या हबचे पैसे कोणी दिले?"

"जावंदे."

"जाऊ दे नाही. माझा जुना कुठाय?"

"भंगारात."

आणि मी, तीन पाववाले आणि एक वॉचमन ऐकत असताना, विचारलं, "भंगारवाल्यानं किती दिले?"

त्यांचा चेहरा आजही डोळ्यांसमोर आहे. राग नव्हता. फडक्यानं त्यांनी एकेक बोट पुसलं. मग सायकल सरळ करून, स्टँड काढून, माझ्या हातात दिली.

"घेवन जा बाय. आजपासून तुझ्या सायकलीक मी हात लावचंय नाय."

घरी येऊन मी आधी शिव्या दिल्या. मग विचार करायला बसले आणि विचार शिव्यांपेक्षा वाईट निघाला. दूधवाल्याच्या सायकलचा हब जाड, जुन्या पोलादाचा. तसा आता मिळत नाही. त्यानंतर दोन दिवसांनी एका पाववाल्याच्या सायकलला अगदी तसाच हब बघितला. तो माझाच कशावरून नाही? आणि नसेल, खरंच वाटी फुटली असेल, तर चार वर्षं मी दुसऱ्याच्या पदरच्या हबवर चाळीस चाळीस किलो माल ओढला. कोण कुणाला फुकट देतं? मला आजवर कुणी काही फुकट दिलेलं नाही, आणि दिलं असतं तर मी घेतलं नसतं.

याहून एक काटा खोल गेला. दर ऑक्टोबरला मी भाव निम्म्यावर आणायची तो मी आणायची, की तेच आणू द्यायचे? कपाळावर हात मारणं, घर माझ्या नावावर करणं, हे सगळं लहान मुलाशी पत्ते खेळताना मोठी माणसं हरतात तसं? मालकाचा काटा उघडा पाडणारी मी, आणि एका टपरीत मला वर्षानुवर्षं जिंकायला दिलं जात होतं. फसवलं असेल तर मी सहन करीन. फसवणाऱ्याशी कसं वागायचं मला माहीत आहे. पण ज्यानं माझ्यावर दया केली त्याच्याशी काय करायचं, हे मला कोणी शिकवलं नाही.

पुढचं वर्ष सायकलनं भोगलं. घाटकोपरच्या एकानं छर्रे दाबून धरणारा कोन इतका घट्ट आवळला की चाक हातानंसुद्धा फिरेना. साकीनाक्याच्या दुसऱ्यानं तिच्याकडे नुसतं बघून "ये तो भंगार है, मॅडम" म्हटलं, आणि त्याच्या मागे नव्या सायकलींची रांग उभी होती. असल्फ्याच्या उतारावर एकदा मागचं चाक आडवं हललं, मी पोत्यासकट गटाराच्या काठावर आले. अनिकेत म्हणाला, "आता तरी?" मी म्हटलं, "गप्प बस." ती सायकल गेली असती तर लोकांचं म्हणणं खरं ठरलं असतं. आणि ती वाचवू शकेल असा माणूस विक्रोळीत एकच होता. त्याला मी चारचौघांत चोर म्हटलं होतं, शब्द न वापरता.

ऑक्टोबर आला. झेंडूचे भाव विचारत मी उगाच दोनदा त्या गल्लीतून गेले. तिसऱ्यांदा सायकल टपरीसमोर उभी केली.

मामांनी मान वर केली नाही. "हात लावचंय नाय म्हटलं हां मी."

"ऐकलंय. लावू नका."

"मग कित्याक इलंस?"

माफी मागायची माझी तयारी नव्हती, कारण अजून काही सिद्ध झालं नव्हतं. मी म्हटलं, "चाक हलतंय."

बराच वेळ ते एका पंक्चरवर घासत राहिले. मग पायानं एक पाना माझ्याकडे सरकवला.

"हात लावचंय नाय म्हटलं. तोंड गप ठेवीन असा म्हणूक नाय. बस हयसर. उलटी कर ती."

त्या दुपारी मी पहिल्यांदा माझ्या सायकलचा हब उघडला. मामा स्टुलावर, दोन्ही हात काखेत. मी खाली, गोणपाटावर. "नट सोड. दुसऱ्या बाजूक धर गो, सगळाच फिरता. आता कोन. डावीकडे. तुझा डावा, माझा नाय." कोन निघाला आणि काळ्या ग्रीसमधून छर्रे टपटप थाळीत पडले, करड्या मोत्यांसारखे. रॉकेल मिळायचं बंद झालं होतं, डिझेलमध्ये धुतले. वाटीत बोट फिरवायला सांगितलं. गुळगुळीत. कुठेही खड्डा नाही. सतरा वर्षं जिच्या जिवावर पोट भरलं तिच्या आत मी त्या दिवशी बघितलं. जुना हब आतून कसा होता ते मला माहीतच नव्हतं. तेव्हा हा त्याहून चांगला की वाईट, हे ठरवणार कशावरून?

"घट नको, सैल नको. चाक सोड. व्हॉल्व्ह आपोआप खाली येवन थांबलो की समज झाला."

चाक झुललं, मागेपुढे झालं, व्हॉल्व्ह खाली येऊन थांबला. मला काय वाटलं ते मी सांगणार नाही.

तेव्हापासून दर ऑक्टोबरला हेच. माझे हात, त्यांचं तोंड. तीन प्रेसची मालकीण फूटपाथवर बसून ग्रीस लावते, येणारेजाणारे बघतात, आणि मामा त्यांना सांगतात, "मदतनीस ठेवलंय. कामाक बरी आसा, तोंड तेवढा वायट." हबबद्दल मी पुन्हा विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पाववाल्यांच्या सायकली दुरुस्तीला आल्या की माझी नजर अजून त्यांच्या मागच्या चाकावर जाते.

या वर्षी मामा थकलेले दिसले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, काळा चष्मा. टपरीवर आता पंक्चरचंच काम उरलंय. मी सायकल उलटी केली, चाक काढलं, धुतलं, ग्रीस भरलं, छर्रे बसवले, नट आवळले. उठताना खालच्या वर्तमानपत्राची घडी उलगडली आणि तिच्यातून एक छर्रा घरंगळला.

"हा तुम्ही टाकलात," मी म्हटलं.

"माझे हात खंय आसत बघ." काखेत होते.

"मग तुमच्या डब्यातला असेल."

"आसात. जा मग घेवन सायकल."

मी हँडल धरलं. पाऊल पुढे गेलं नाही. संशय मागच्या चाकात ठेवून मी असल्फ्याचा उतार उतरणार नव्हते. सायकल पुन्हा उलटी केली, पुन्हा सगळं उघडलं. उजव्या बाजूला छर्रे नऊ. बरोबर. डाव्या बाजूला आठ.

मी मान वर केली. मामांनी तोंड फिरवलं होतं आणि ते वळणावर अडकलेल्या बसकडे अगदी मन लावून बघत होते. जणू त्या बसचं कसं होणार याची सगळी काळजी त्यांनाच होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच माणसानं वर्षानुवर्षं असंच तोंड फिरवलेलं असणार.

"मामा, इकडे बघा."

"काय ता?"

"किती आहेत मोजा."

"माका दिसणा नाय. डोळ्याचा आप्रेशन झाला."

"बसचा नंबर दिसतोय, छर्रे दिसत नाहीत? मोजा म्हणते ना."

ते वाकले. काळ्या चष्म्यातून बराच वेळ बघितलं, बोट न लावता.

"आठ."

"मग?"

"मग काय? नववो घाल आणि जा."

"असं नाही. कोण चुकलं ते बोला. माझ्यासाठी काही झाकायचं नाही आता. बोला."

मामा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या तोंडाच्या कडा हलल्या. स्टुलावरून उठून, कमरेवर हात ठेवून, त्यांनी रस्त्यापलीकडच्या शहाळेवाल्याला इतक्या मोठ्यानं हाक मारली की बसमधली माणसंसुद्धा वळली.

"अरे ऐकलास काय! बाय चुकली! छर्रो इसारली!"

शहाळेवाल्याला मराठी धड येत नाही. त्यानं कोयता वर करून टाळी दिल्यासारखं केलं.

"एवढं ओरडायला नको होतं," मी म्हटलं.

"तूच म्हणालंस बोला. सतरा आणि वर किती वर्सां, सगळा पोटात ठेवलेला आज भायर इला." आणि ते हसायला लागले, खोकला येईपर्यंत. मी रागानंच नववा छर्रा ग्रीसमध्ये दाबला. कोन फिरवला. घट्ट नाही, सैल नाही.

निघताना म्हटलं, "मामा, तो हब."

"कंचो?"

मी सायकलवर बसले. "काही नाही. डोळ्यात औषध घाला वेळेवर."

असल्फ्यापर्यंत कान मागच्या चाकाकडेच होते. आवाज नव्हता. तरी साकीनाक्याला पोचल्यावर, प्रेसवरच्या बायका बघत असताना, मी सायकल उचलून चाक एकदा फिरवून बघितलं.